पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं की शाळा लवकर सोडायची की पोरांना थांबवून घ्यायचं?

साकवापलीकडची:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे, वाडीवरची द्विशिक्षकी शाळा, पट २३. त्यातली ९ मुलं पऱ्याच्या पलीकडच्या वाडीतली. मधे साकव (छोटा पूल) आहे, सिमेंटचा, पण कठडा एका पावसात गेला तो गेलाच, दरवर्षी लिहून देतो आणि दरवर्षी "प्रस्तावात आहे".

तर झालं असं की गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होताच पण नेहमीसारखा, अकराच्या सुमाराला एवढा अंधार झाला की वर्गात दिवा लावला आणि लावल्या लावल्या लाईट गेली. बाराला कुठूनतरी एक काडी नेटवर्क आलं आणि ग्रुपवर एकदम तीस-चाळीस मेसेज, रेड अलर्ट आहे, अमक्या शाळेने सोडली, तमक्याने सोडली, तुमचं काय. आम्ही पण घाबरून खिचडी वाढली आणि सव्वाबाराला शाळा सोडली. सर त्या नऊ जणांबरोबर साकवापर्यंत गेले. पाणी साकवाच्या बरोबर खालून घासून चाललेलं, लाल, मधेच एखादा ओंडका धाडकन आपटायचा. चौथीतला एक "सर रोजच असतं ओ" म्हणत पाय टाकायला लागला तेव्हा सरांनी त्याला दप्तराला धरून मागे ओढला. दप्तराचा बंद तुटला पण पोरगा राहिला.

परत आणलं सगळ्यांना शाळेत, चिंब. आणि गंमत बघा, साडेतीनला पाणी आपोआप उतरलं, साडेचारला पोरं नेहमीसारखी चालत घरी. म्हणजे आम्ही त्यांना सोडलं ते नेमकं सगळ्यात वाईट वेळेला. दुसऱ्या दिवशी एक पालक ओरडायला आले लवकर का सोडलंत, आम्ही लावणीला होतो घराला कुलूप होतं, आणि दुसरे ओरडायला आले की रेड अलर्टला पोरं चारपर्यंत शाळेत का ठेवलीत. दोघांचं खरंच आहे. त्या दिवसापासून मला झोप नाही. तुमच्याकडे काय करता?

निवृत्त_गुरुजी:

बाई, आधी त्या सरांना माझा नमस्कार सांगा.

मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली २२ डोंगराच्या कुशीतल्या शाळांवर. माझं मत स्पष्ट आहे, भरलेली शाळा मधेच सोडू नये. सुट्टी जाहीर होणं वेगळं, ती आदल्या रात्री किंवा सकाळी झाली तर पोरगं घरीच असतं, आईच्या डोळ्यासमोर. पण एकदा पोर शाळेत आलं की ते त्या दिवसापुरतं सुरक्षित जागी आलं असं धरा (इमारत धड असेल तर, कौलं सरकलेली आणि भिंत फुगलेली असेल तर गोष्टच वेगळी). पोरगं सापडतं ते वाटेत.

आपल्या नद्या-पऱ्यांचा स्वभाव ओळखा. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, मधे सगळा उतार, त्यामुळे पाणी चढतं पण झपाट्याने आणि उतरतं पण झपाट्याने. घाटावरच्या नद्यांसारखं चार-चार दिवस तुंबून राहत नाही. लहान पऱ्या तर पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत पायाखाली येतो. म्हणून थांबणं हाच त्याच्यावरचा इलाज, दुसरा नाही. आणि आपल्या डोक्यावर ऊन पडलं म्हणून फसू नका, वर डोंगरात पडलेलं पाणी अर्ध्या-पाऊण तासाने खाली येतं.

रेड अलर्टचं पण समजून घ्या. मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळ्या जिल्ह्याला एकच रंग असतो, तुमच्या वाडीवर त्या तासाला किती पडेल ते तो रंग सांगत नाही. २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर पाऊस होण्याची शक्यता असेल तेव्हा लाल करतात. ते सकाळी शाळा भरवायची का नाही हे ठरवायला उपयोगाचं. बारा वाजता दार उघडायचं का नाही हे तुम्हाला पऱ्याच सांगणार.

आम्ही साकवाच्या बाजूच्या कातळावर ऑईलपेंटने लाल पट्टा मारला होता, साकवाच्या तळापासून दोन हात खाली. पाणी पट्ट्याला लागलं की कोणीही ओलांडायचं नाही, सरपंच असो नाहीतर पहिलीतलं पोर. पट्ट्याचा फायदा काय तर वाद संपतो. नाहीतर "एवढ्याने काय होतंय", "माझा पोरगा दणकट आहे", हे चालू होतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं वजन ते किती, पंचवीस किलो. वाहतं पाणी नुसतं वीतभर असलं तरी जोरात असेल तर मोठ्या माणसाचे पाय काढतं.

अजून एक, शाळेत सरळ भिंतींचा डबा मोकळ्यावर ठेवा, पट्टी लावून तासातासाला मोजायला पोरांनाच सांगा. तासाला ५० मिमी भरायला लागलं की समजा पऱ्या येतोय. गणितपण होतं.

जुनाजाणता:

आम्ही पऱ्या पोहून शाळेत जायचो, दप्तर डोक्यावर, पायात काय नाय. काय झालं नाय कोणाला. हल्लीच्या पोरांना जरा जास्तच जपतात.

खाडीकाठ:

@जुनाजाणता काका, ज्यांना झालं ते इथे प्रतिसाद टाकायला नाहीत.

साकवापलीकडची बाई, तुम्ही वेळा लिहिल्यात त्या वाचून मला राहवलं नाही. तुमचा पऱ्या खाली खाडीला मिळतो का? आणि किती लांब?

साकवापलीकडची:

हो मिळतो ना. साकवापासून अर्धा किलोमीटर पण नसेल, खाली बंदराकडे जातो.

खाडीकाठ:

मग झालं. आमच्याकडे लहानपणी शिकवतात ते सांगतो, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला धरून नाही येत पण आमच्या आजोबांनी सगळी होडी यावर चालवली. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेवढं धरायचं.

आता तुमचा दिवस लावा. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, १ गुणिले पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती. तुम्ही सोडलं सव्वाबाराला. ती पण उधाणाची, पौर्णिमेची, वर्षातली मोठी पाणी याच पावसाळ्यात. वरून पऱ्याचा लोंढा येतोय आणि खालून खाडी त्याला दार लावून बसलीय, पाणी जाणार कुठे, चढणारच. साडेतीनला उतरलं ते पाऊस कमी झाला म्हणून पण असेल, पण अर्ध काम ओहोटीने केलं. पाच वाजता सोडली असती तर ओहोटीत कोरड्या पायाने गेली असती पोरं.

म्हणजे बघा, पौर्णिमा अमावास्या आणि पुढेमागे दोन-तीन दिवस, खाडीलगतच्या शाळेने दुपारी बाराला शाळा सोडणं म्हणजे पोरांना नेमकं भरतीच्या तोंडात सोडणं. सप्तमी-अष्टमीला उलट, संध्याकाळी पाच-सहाला भरती, पण तेव्हा भांग (लहान भरती) असतो, पाणी एवढं चढत नाही. कालनिर्णय भिंतीवर असतंच प्रत्येक शाळेत, तिथी बघायला काय जातं.

२०२१ ला २२ जुलैला चिपळूण बुडालं तेव्हाही गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. पाऊस तुफान होता हे खरंच, भरतीने पूर आला असं म्हणत नाहीये, पण पाणी निघायला वाट नव्हती हे तिथल्या कोणालाही विचारा. कोविडमुळे लहान पोरांच्या शाळा बंद होत्या तेव्हा, मी नेहमी विचार करतो नसत्या तर काय झालं असतं.

वडाप_रत्नागिरी:

गुरुजी तुमचं सगळं बरोबर आहे पण ते चालत जाणाऱ्या पोरांचं. मी वडाप (खाजगी प्रवासी गाडी) चालवतो, हायस्कूलची पोरं आणतो-नेतो. आठ-दहा किलोमीटर वरून येतात. त्यांना पाचपर्यंत थांबवलं आणि मधे झाड पडलं किंवा दरड आली तर एसटी पण बंद आणि मी पण बंद, मग काय करणार? मागे एकदा सतरा पोरं हायस्कूलात रात्री साडेनऊपर्यंत होती, त्यातल्या मुली सात, घरच्यांचे फोन लागत नाहीत, आई बापाचा जीव गेला अर्धा.

माझं म्हणणं, गाडीच्या पोरांचं वेगळं ठरवा. वाटेत फरशी (पाण्याखाली जाणारा बुटका पूल) नसेल, खाडीचा रस्ता नसेल, तर ती लवकर गेलेली बरी. पण फरशी असेल तर नाही. मी स्वतः फरशीवर पाणी असलं की गाडी घालत नाही, कोणी कितीही शिव्या घालो. दोन फूट वाहतं पाणी जीपला पण उचलतं, आणि खाली रस्ता आहे का वाहून गेलाय ते वरून दिसतच नाही. एक साहेब म्हणाले "अरे तू ड्रायव्हर आहेस की कोण", मी म्हटलं साहेब तुम्ही चालवा मी किनाऱ्यावरून बघतो. गप्प बसले.

आणि मास्तर लोकांनी एक करा, आमचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. शाळा सोडायची तर पहिला फोन आम्हाला. पोरं फाट्यावर येऊन भिजत उभी आणि आम्हाला पत्ताच नाही असं चार वेळा झालंय.

निवृत्त_गुरुजी:

वडापवाले, मान्य. मी वाडीच्या शाळेच्या हिशोबाने बोललो. हायस्कूलला हे दोन याद्यांचं करावंच लागेल.

सड्यावरची_सून:

माझं माहेर मालवणचं, सासर राजापूर. माझी आजी सांगायची, "व्हाळाक पाणी इला तर थयच रव गो बाये, तो काय रातभर रवाचो नाय." आजी शाळेत गेलेली नव्हती, पण गुरुजींनी जे लिहिलंय तेच ती सांगत होती.

आमच्या राजापुरात अर्जुना आणि कोदवली वर आली की जवाहर चौकात पाणी, दरवर्षीचं. बाजारपेठेतले लोक माल वरच्या फळीवर टाकतात आणि चहा पीत बसतात एवढी सवय. पण सवयीचीच मला भीती वाटते. पोरं बघायला जातात पाणी! शाळा लवकर सुटली की घरी कोण जातंय, पहिले पुलावर, मोबाईल काढून. शाळा सोडली म्हणजे पोर घरी पोचलं असं कोणीही समजू नये.

आणि सगळे पाण्याचंच बोलताय, गडग्याचं (दगडी कुंपणाचं) कोणी बोललं नाही. जांभ्याचे जुने गडगे आषाढात पाणी पिऊन फुगतात आणि बसतात एका दमात. पोरं पागोळ्या चुकवायला त्याच्याच कडेने चालतात, भिंतीला घासून. आमच्या पाणंदीतला गेल्या वर्षी बसला, पहाटे बसला म्हणून बरं. शाळेच्या वाटेवरचे गडगे मे महिन्यात आगोटीच्या वेळीच बघून घ्या, जिथे पोट आलंय तिथून पोरांची वाट बदला.

छत्रीचं पण एक. वाऱ्यात लहान पोर छत्री तोंडासमोर धरतं, मग गाडी दिसत नाही काही दिसत नाही. लहानांना रेनकोट, तो पण पिवळा नाहीतर भगवा, काळा नको.

आरोग्यसेविका_ताई:

सड्यावरची सून, बरोबर बोललात. मी माझ्या कामातलं थोडं टाकते, लांब होईल माफ करा.

पावसात शाळेबाहेर काढलेल्या चपला बुटांमधे फुरसं (विषारी साप) शिरतं. लहानसं असतं, वीत-दीड वीत, मातीच्या रंगाचं, सड्याकातळाच्या गावात तर विचारू नका. सुटताना चप्पल उलटी करून आपटायची आणि मगच पाय घालायचा, ही सवय बाईंनी रोज लावायची, प्रार्थनेसारखी. लाकडं, कौलांचा ढीग, स्वयंपाकघरामागचा कोपरा, इथे चेंडू गेला तर पोराने हात घालायचा नाही. चावलंच तर दोरी आवळायची नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, मंत्र नाही. पोराला चालवायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, उचलून गाडीत, १०८ ला फोन आणि सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात. आपल्याकडची जी लस आहे ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारीवर चालते, म्हणून साप मारून आणायची, शोधायची काही गरज नाही, त्यात वेळ घालवतात लोक आणि दुसरा एखादा चावून घेतो.

दुसरं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आत जातो. पोरं शेतातल्या पाण्यातून, गटारातून चालत येतात, पायाला खरचटलेलं असतंच. शाळेत आल्यावर पाय साबणाने धुवून पुसायला लावा, जखम असेल तर झाकून. ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, तर "पावसात भिजला असेल" म्हणून घरी झोपवू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात आणा. आणि लेप्टोच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने देऊ नका, लहान मुलांना वयाप्रमाणे वेगळं ठरतं, आम्हाला विचारा.

आणि बाई, शाळेत थांबवायचं ठरवलंत तर ओल्या कपड्यात थांबवू नका हो. जूनमध्येच प्रत्येकाचा एक जुना कोरडा जोड पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगा. माझ्या एका शाळेत बाईंनी हे केलंय, पिशव्या खुंट्यांना लावून ठेवल्यात, नावं पोरांनी स्वतः लिहिलीत.

वायरमन_दादा:

थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद आणि पोरं त्या खोलीतून बाहेर, ओली भिंत आहे आणि आत वायर कापलीय हे समजायचं. बोर्ड पोराच्या हाताला येईल असा नको. टाकीच्या मोटरचा स्विच ओल्या हाताने पोरांकडून लावून घेतात काही ठिकाणी, करू नका हे. शाळेला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या, करंट गळला की स्वतःच पडतो. आणि वाटेत तार पडलेली दिसली तर ती बंदच असेल असं समजून कोणी काठीने उचलायला जाऊ नका, पोरांना लांब थांबवा आणि १९१२ ला कळवा.

प्रभादेवीकर_मूळ_गुहागर:

मी २००५ ला सातवीत होतो, मुंबईत. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्या दिवशी आम्हाला शाळेने सोडलं नाही, रात्रभर वर्गात, बेंच जोडून झोपलो, शिपायाच्या बायकोने कुठून काय माहीत पण पन्नास पोरांना चहा आणि पाव दिला. आई रात्रभर रडत होती हे नंतर कळलं, फोन बंद. पण सकाळी बाबा चालत आले आणि मी होतो तिथेच होतो. +१ थांबवण्याला, फक्त पालकांना आधीच माहीत हवं की पोर शाळेतच असणार. माझ्या आईला ते माहीत असतं तर ती झोपली नसती तरी रडली नसती.

साकवापलीकडची:

सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येकाला वेगळं लिहिता येत नाही. काल पालकसभा घेतली, पावसाने दांडी मारली म्हणून माणसं आली, लावणी आटपली होती बऱ्याच जणांची.

ठरलं ते असं. पऱ्यापलीकडच्या नऊ जणांपैकी सात जणांची अलीकडे कोणी ना कोणी नातेवाईक घरं निघाली, आत्या, मामा, एकाची चुलत आजी, पाणी उतरलं नाही तर पोर रात्री तिथे. राहिली दोन, त्यांना शाळेसमोरच्या काकींनी आपणहून घेतलं, म्हणाल्या माझ्याकडे टीव्ही आहे, पोरं उलट घरी जायला नाही म्हणतील. यादी शाळेच्या दारावर, सरपंचांकडे आणि वडापवाल्यांकडे. घरी फोन लागला नाही तरी घरच्यांनी समजायचं की पोर एकतर शाळेत नाहीतर त्या घरात. दर पौर्णिमा-अमावास्येला पुढेमागे दोन दिवस कालनिर्णयवर निळं वर्तुळ केलं, ते काम पाचवीच्या मुलींनी केलं आणि पाऊणचा पाढा पण पाठ झाला, जो मी महिनाभर करून घेत होते तो एका दुपारी. तांदूळ-डाळ एक दिवसाची जास्तीची वेगळ्या डब्यात. कपड्यांच्या पिशव्या सोमवारपासून येतील.

लाल पट्टा सरांनी आणि त्या चौथीतल्या वीराने मिळून मारला, तोच ज्याचा दप्तराचा बंद तुटला. पट्टा जरा वाकडा आलाय. आता तो सगळ्यांना दटावत फिरतो.

लवकर सोडायला सांगणारे जे पालक होते ते अजून पूर्ण पटलेले नाहीत, म्हणाले वरून लेखी आलं तर काय करणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, सर म्हणाले पोरं ज्याच्या ताब्यात असतील त्यालाच साकव बघून ठरवावं लागेल.

वायरमन दादा, तो ईएलसीबी शाळेच्या जुन्या बोर्डात बसतो का? आमचा बोर्ड लाकडी आहे, फ्यूजवाला.

वायरमन_दादा:

लाकडी असेल तर त्यात नाही बसणार, बाजूला छोटा डबा लावून मीटरनंतर घालावा लागेल. फोटो टाका बोर्डाचा, झाकण उघडू नका फक्त.